तंबू कुठे ठोकावा?

जंगलात दोन-चार दिवस राहायला जायचं ठरलं की बरोबर काय न्यायचं याची यादी आपण लगेच करतो. तंबू, पातेली, विजेरी, दोर, काड्यापेटी. मुक्काम नेमका कुठे करायचा हा प्रश्न मात्र बहुधा शेवटी येतो आणि तो आवडीनिवडीचा आहे असं आपण धरून चालतो. कुणाला नळ आणि संडास हवा असतो, कुणाला एकांत. आम्हीही असंच समजत होतो. या प्रश्नात मृदाशास्त्र आहे, वनस्पतिशास्त्र आहे आणि थोडं गणितही आहे, हे कळायला आम्हाला एक वर्ष लागलं. त्याची किंमत मात्र जंगलाच्या एका छोट्या तुकड्याने मोजली.

संशोधनाच्या निमित्ताने आम्ही काही काळ अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहत होतो. या राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सीमेला लागून, सुपीरियर राष्ट्रीय वन आहे. १९०९ साली स्थापन झालेल्या या वनात पाइन, स्प्रूस आणि बर्चची झाडी आहे आणि असंख्य तळी आहेत. हिमयुगाच्या अखेरीस हिमनद्या इथून मागे हटल्या तेव्हा उघडा खडक आणि त्यावर मातीचा पातळ थर एवढंच शिल्लक राहिलं. आजही कित्येक ठिकाणी वीतभर खणलं की खडक लागतो. उन्हाळा लहान, त्यामुळे झाडाझुडपांना वाढायला वर्षातले मोजकेच महिने मिळतात.

इथे मुक्कामाच्या जागा मुख्यतः दोन प्रकारच्या. एक 'डेव्हलप्ड', म्हणजे सोयी केलेली जागा. मोटारीने तिथवर जाता येतं. प्रत्येक कुटुंबासाठी आखलेला तुकडा, त्यात लाकडी मेज-बाक आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं. जवळ संडास, बहुतेक ठिकाणी पिण्याच्या पाण्याचा हापसा. यासाठी शुल्क द्यावं लागतं. दुसरी 'प्रिमिटिव्ह'. तिला आपण रानजागा म्हणू. यात पुन्हा दोन भेद आहेत. काही रानजागा वनखात्याने ठरवून दिलेल्या असतात. तिथे शेकोटीची जाळी आणि झाडीत बसवलेला बिनभिंतीचा संडास, एवढंच असतं. याशिवाय वनाच्या बऱ्याच भागात नियम पाळून आपल्याला हवी ती जागा निवडून राहण्याची मुभा आहे. तिथे काहीच नसतं.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही सोयीची जागा पाहिली आणि नाक मुरडलं. शेजारी माणसं, मोटारींचे आवाज, पायाखाली टणक उघडी माती. जंगलात येऊन हेच पाहायचं का? आम्ही पुढे गेलो आणि एका लहान तळ्यापासून थोडं आत, शेवाळाची मऊ गादी असलेली जागा शोधली. आमच्याआधी कुणीतरी एखाद-दुसरी रात्र राहून गेलं असावं, कारण तीन काळवंडलेले दगड तिथे पडले होते. तीन रात्री आम्ही राहिलो. कचरा सगळा परत आणला, शेकोटी विझवली आणि काहीही बिघडवलं नाही अशा समाधानात परतलो.

पुढच्या वर्षी पुन्हा तिथे गेलो. शेवाळ गेलं होतं. चार तंबू मावतील एवढी जमीन उघडी पडली होती, तळ्याकडे ठळक पायवाट झाली होती आणि तीन दगडांचे बारा दगड झाले होते. आमची मुलगी म्हणाली, "बाबा, ही आपलीच जागा ना?" आमचीच होती. आमच्या खुणा पाहून इतर लोक तिथे थांबले होते, जसे आम्ही त्या तीन दगडांमुळे थांबलो होतो.

पहिल्या पावलांचा हिशेब

एवढ्याशा वापराने इतकं नुकसान कसं झालं? याचं उत्तर पायाखालच्या मातीत आहे. चांगल्या मातीच्या वरच्या थरात साधारण निम्मी जागा पोकळ असते. कणांमधल्या या पोकळ्यांतून हवा खेळते, पाणी मुरतं, मुळं वाट काढतात. माणूस चालला की आधी मोठ्या पोकळ्या दबतात, आणि पाणी झटकन मुरतं ते नेमकं याच पोकळ्यांतून. पहिल्या काही दिवसांत त्या मिटल्या की माती टणक होते आणि पुढच्या पावलांनी ती फारशी आणखी दबत नाही.

वनस्पतींचंही असंच. झाडांच्या सावलीत वाढणाऱ्या नाजूक, रुंद पानांच्या वनस्पती थोडं तुडवल्यावरच मोडतात. त्या गेल्या की चिवट तेवढ्या उरतात आणि तेही गेलं की जायला काही शिल्लकच राहत नाही. म्हणजे वापर आणि नुकसान यांचा आलेख काढला तर तो सरळ रेषेत चढत नाही. सुरुवातीला तो झपाट्याने चढतो आणि मग जवळजवळ आडवा होतो.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. याच तळ्यांच्या प्रदेशातल्या मुक्कामाच्या जागांचा अभ्यास करून फ्रिसेल आणि डंकन या संशोधकांनी १९६५ साली निबंध प्रसिद्ध केला. ज्या जागा मोसमात थोडेच दिवस वापरल्या जात होत्या, तिथेही जमिनीलगतच्या बहुतेक वनस्पती नाहीशा झाल्याचं त्यांना आढळलं. अमेरिकन वनखात्याचे संशोधक डेव्हिड कोल यांनी ऑरेगन राज्यातल्या डोंगराळ अरण्यात केलेला अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. वर्षातून मोजक्याच रात्री वापरलेल्या जागाही बऱ्याच बिघडलेल्या असतात, असं त्यांनाही दिसलं.

आता थोडं गणित करू. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा, एका जागेवर वर्षाला दहा रात्री मुक्काम झाला तर ६० चौरस मीटर जमीन उघडी पडते आणि शंभर रात्री झाला तर ९०. एका जंगलात वर्षभरात एकूण शंभर मुक्काम होणार आहेत. ते सगळे एकाच जागी झाले तर नुकसान ९० चौरस मीटर. तेच दहा जागांवर विभागले तर दहा गुणिले ६०, म्हणजे ६०० चौरस मीटर! भार वाटून घेतला की तो हलका होतो हा आपला रोजचा अनुभव इथे उलटा पडतो. नुकसान वापराच्या सरळ प्रमाणात वाढलं असतं तर वाटून घेण्याने काहीच फरक पडला नसता. आलेख वाकडा आहे, म्हणून फरक पडतो.

यावरून जागा निवडण्याचा नियम निघतो. एक तर आधीच टणक झालेल्या जागी राहावं, कारण तिथे आपल्यामुळे नवं नुकसान फारसं होत नाही. नाहीतर जिथे कुणाचीच खूण नाही अशा जागी, शक्यतो उघड्या खडकावर, वाळूवर किंवा सुक्या गवतावर, फार तर एक रात्र राहून निघून जावं. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून ते इतर वनस्पतींपेक्षा तुडवणं अधिक सोसतं. सगळ्यांत वाईट म्हणजे या दोहोंमधली, नुकती कुठे वापरात येऊ लागलेली जागा. ती अजून सावरू शकते आणि आपण तिला सावरू देत नाही. आम्ही नेमकी तीच निवडली होती.

सोयींचा जन्म

ज्या उघड्या टणक जमिनीला आम्ही नाक मुरडलं, तिची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत मोटारी वाढल्या आणि लोक त्या थेट झाडांखाली नेऊन तंबू ठोकू लागले. कॅलिफोर्नियातल्या प्रचंड रेडवुड वृक्षांवर याचा काय परिणाम होतो हे ई. पी. माइनेके यांनी अभ्यासलं. ते वनस्पतिरोगशास्त्रज्ञ होते. इतक्या उंच झाडांचीही मुळं फार खोल जात नाहीत. ती वरच्या थरात दूरवर पसरतात. माणसांनी आणि चाकांनी तोच थर दाबला जात होता.

१९३२ साली माइनेके यांनी वनखात्यासाठी मुक्कामस्थळांचं धोरण लिहून दिलं. त्यांचं म्हणणं असं, की आधी मोटार एका जागी बांधून टाका. एकेरी वळणाचा रस्ता, त्याला फुटलेल्या छोट्या तिरप्या खाचा, प्रत्येक खाचेत एक मोटार आणि ती पुढे जाऊ नये म्हणून मोठे दगड किंवा ओंडके. मेज आणि चूल पक्की बसवली की माणसाचं चालणंही आपोआप तेवढ्याच वर्तुळात होतं. बाकीची जमीन आणि मुळं मोकळी राहतात. अमेरिकेतल्या असंख्य मुक्कामस्थळांची रचना आजही याच धर्तीची आहे. म्हणजे लोखंडी कडं आणि लाकडी मेज नुसतं आपल्या आरामासाठी नाही. आपली पावलं बांधून ठेवणारे ते खुंटे आहेत.

सुपीरियर वनातच 'बाउंड्री वॉटर्स' हे दहा लाख एकरांहून मोठं संरक्षित अरण्य आहे. तिथे रस्ते नाहीत. वल्ह्याच्या निमुळत्या होडीतून तळ्यामागून तळं ओलांडत जायचं. अशा अरण्यातही हवं तिथे राहता येत नाही. ठरवून दिलेल्या दोन हजारांवर जागांपैकी रिकामी मिळेल तिथेच तंबू ठोकायचा आणि एका गटात नऊपेक्षा जास्त माणसं असू द्यायची नाहीत. रानजागेलाही हाच वाकडा आलेख लागू केला आहे.

आलेखात न बसणाऱ्या गोष्टी

सगळंच नुकसान सुरुवातीला होऊन थांबत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. विष्ठा, सरपण आणि अन्नाचा वास या तीन गोष्टी प्रत्येक माणसागणिक वाढतच जातात.

संडास नसेल तर पाण्यापासून साठेक मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून वापरावा आणि बुजवावा. दोघा-तिघांना हे जमतं. चाळीस जणांनी तीन दिवस हेच केलं तर काय होईल याची कल्पना करा. तळ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्यात जिआर्डियासारखे जंतू असू शकतात. या भागात ते खळखळून मिनिटभर उकळल्याशिवाय पिऊ नये. काळी अस्वलं तिथे आहेत आणि अन्न एकदा सापडलं की ती पुन्हा येतात. म्हणून खाऊ तंबूत ठेवायचा नाही. तो मोटारीत बंद करायचा किंवा फांदीला उंच, खोडापासून दूर टांगायचा.

शेकोटीचं तर विचारूच नका. मे २००७ मध्ये याच भागातल्या हॅम तळ्याजवळ पेटलेल्या वणव्याने अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे ७५ हजार एकर जंगल जाळलं. त्याची सुरुवात एका शेकोटीतून झाली, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. राखेत हात घालता येईल इतकी ती गार झाल्याशिवाय शेकोटी विझली असं म्हणू नये.

तंबूच्या वर काय आहे हेही पाहावं. ४ जुलै १९९९ रोजी आलेल्या वादळाने या अरण्यातल्या तीन लाखांहून अधिक एकरांवरची झाडं आडवी केली. वाळलेल्या किंवा कललेल्या झाडाखालची सपाट जागा कितीही चांगली वाटली तरी सोडून द्यावी.

म्हणून निवड करताना आम्ही आता चार प्रश्न विचारतो. आपण किती जण आहोत? जमीन टणक आहे, अस्पर्श आहे, की मधल्या अवस्थेत? संडास आणि पाणी यांची काय व्यवस्था? कुणी आजारी पडलं तर रस्त्यापर्यंत किती वेळात पोचू? मुलांचा मोठा गट असेल तर चारही उत्तरं सोयीच्या जागेकडेच बोट दाखवतात. दिवसा रानात हिंडावं आणि रात्री टणक जमिनीवर परतावं. रानजागा अनुभवी, दोन-चार जणांच्या गटासाठी ठेवावी.

शाळेच्या मैदानावर

हा आलेख मुलांना स्वतः काढता येईल. कोल आणि बेफील्ड यांनी १९९३ साली यासाठी एक सोपी प्रमाण पद्धत मांडली. पावसाळ्यानंतर मैदानाच्या गवताळ, फारशी वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात दोरीने पाच पट्टे आखा, प्रत्येक अर्धा मीटर रुंद आणि दीड मीटर लांब. पहिल्यावर कुणी चालायचं नाही. उरलेल्या चारांवरून अनुक्रमे २५, ७५, २०० आणि ५०० फेऱ्या मारा. सुतळीने प्रत्येक पट्ट्याचे दहा सेंटिमीटरचे चौकोन पाडले की ७५ चौकोन होतात. त्यातले किती हिरवे आहेत ते चालण्याआधी आणि पंधरा दिवसांनी मोजा. मग फेऱ्या आडव्या अक्षावर आणि गेलेले चौकोन उभ्या अक्षावर घ्या.

दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा प्रत्येक पट्ट्यात दोन-तीन सेंटिमीटर रोवून त्यात पेलाभर पाणी ओता आणि मुरायला किती वेळ लागतो तेही नोंदवा. तुडवलेल्या मातीबद्दल आपण जे वर वाचलं, ते मुलांना घड्याळात दिसेल. जमलं तर वर्षभराने तेच पट्टे पुन्हा मोजा. नुकसान किती दिवसांत झालं आणि भरून यायला किती दिवस लागले, ही तुलनाच सर्वांत बोलकी ठरेल. आपल्याकडे सह्याद्रीतल्या गडांच्या माच्यांवर आणि धरणांच्या काठांवर तंबू ठोकणाऱ्यांना, आणि अर्थात आपल्या शाळेच्या निसर्गशिबिरालाही, हीच तुलना उपयोगी पडेल.

आमच्या त्या तुकड्याचं पुढे काय झालं? त्या वर्षी आम्ही तिथे राहिलो नाही. बारा दगड झाडीत पांगवले, उघड्या जमिनीवर पालापाचोळा पसरला, पायवाटेच्या तोंडाशी वाळक्या फांद्या आडव्या टाकल्या, म्हणजे पुढच्या माणसाला तिथे थांबावंसं वाटू नये. मग सोयीच्या जागेवर परत येऊन शुल्क भरलं आणि आखलेल्या तुकड्यात तंबू ठोकला. शेजारी माणसं होती, मोटारींचे आवाज होते आणि पायाखाली टणक उघडी माती होती. या वेळी ती आम्हाला खुपली नाही.

मैदानावरचा प्रयोग करून पाहिलात तर तुमचे आलेख आम्हाला जरूर पाठवा.