लहान ट्रॅक्टर, मोठी ट्रॉली आणि घाट

नाशिक जिल्हा कांद्याचा. कळवण, देवळा, सटाणा, चांदवड, येवला, निफाड, कोणत्याही तालुक्यात जा. कांदा निघाला की रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. कोणी लासलगावला निघतो, कोणी पिंपळगाव बसवंतला. लिलावाच्या वेळेआधी पोचायचे असते. म्हणून पहाटेच गाडी जुंपतात. पूर्वी बैल जुंपत, आता ट्रॅक्टर जुंपतात.

ट्रॅक्टर सगळ्यांचा सारखा नसतो. कोणाचा नवा, 50 हॉर्सपॉवरचा. कोणाचा 20 वर्षे नांगराला आणि गाडीला वापरलेला, 35 हॉर्सपॉवरचा. ट्रॉली मात्र सगळ्यांना मोठीच हवी असते. फाळक्यावर आणखी फळ्या लावून कांदा वर चढवतात. याचे कारण उघड आहे. भाव पडला की दोन खेपांचे डिझेल परवडत नाही. तेव्हा एकाच खेपेत माल न्यावा, असे शेतकऱ्याला वाटते. त्याला लोभी म्हणणे सोपे आहे, पण पैशाचा त्याचा हिशेब खरा असतो. वजनाचा हिशेब मात्र राहून जातो.

गाडी चढ चढली, म्हणजे ट्रॅक्टरला भार झेपला, असे आपण धरून चालतो. ते बरोबर नाही. भार ओढणे हे एक काम आहे. भार थांबवणे हे दुसरे काम आहे. पहिले काम जमले म्हणून दुसरे जमेलच असे नाही.

लहान इंजिन मोठा भार ओढते कसे? पहार आठवा. हाताने न हलणारा धोंडा पहारीने हलतो. आपला हात हातभर खाली जातो, तेव्हा धोंडा बोटभर वर येतो. खालचा गिअर ही ट्रॅक्टरची पहार आहे. इंजिन पुष्कळ फिरते, चाक थोडे फिरते, पण जोर वाढतो. म्हणून जुना ट्रॅक्टरसुद्धा पहिल्या गिअरमध्ये धापा टाकत घाट चढतो. वेळ लागतो, एवढेच.

आता वजनाचा हिशेब करू. बाजारात भुईकाट्यावर गाडी आधी भरलेली मोजतात, मग रिकामी मोजतात. काट्याच्या पावतीवर दोन्ही वजने असतात. ती पावती नीट वाचावी. समजा, कांदा 50 क्विंटल, ट्रॉली 15 क्विंटल आणि ट्रॅक्टर 20 क्विंटल आहे. एकूण झाले 85 क्विंटल. सपाट डांबरी रस्त्यावर एवढी गाडी चालती ठेवायला साधारण पावणेदोन क्विंटलचा जोर पुरतो. आता चढ आला. 20 पावले पुढे गेले की 1 पाऊल वर, असा चढ धरा. अशा चढावर एकूण वजनाचा विसावा भाग गाडीला मागे ओढतो. 85 क्विंटलचा विसावा भाग म्हणजे सव्वाचार क्विंटल. मघाचे पावणेदोन क्विंटल आहेतच. म्हणजे चढावर 6 क्विंटल जोर लावावा लागतो. सपाटीच्या तिपटीहून जास्त!

हाच रस्ता उतरताना तेच सव्वाचार क्विंटल गाडीला पुढे ढकलतात. रस्त्याची घासण थोडे अडवते. बाकीचे अडवायचे कोणी? ट्रॉलीला ब्रेक आहे का, ते आपल्या ट्रॉलीखाली वाकून पाहा. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेक नसतोच. मग 20 क्विंटलच्या ट्रॅक्टरने मागचे 65 क्विंटल धरून ठेवायचे. ट्रॅक्टर जितका हलका आणि जुना, तितके हे काम अवघड.

रेल्वेवाले हे फार वर्षांपासून जाणून आहेत. आपल्याच जिल्ह्याच्या वेशीवर थळ घाट आहे. त्यालाच आपण कसारा घाट म्हणतो. 1865 साली कसारा ते इगतपुरी ही रेल्वे सुरू झाली. अंतर सुमारे 14 किलोमीटर, आणि तेवढ्यात सुमारे 300 मीटर उंची चढायची. काही ठिकाणी 37 मीटर पुढे गेले की 1 मीटर वर असा चढ आहे. आपल्या गाडीरस्त्यांवर याहून उभे चढ असतात, पण आगगाडीला एवढा चढ फार झाला. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागून जादा इंजिने लावतात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात. इगतपुरीला मागची इंजिने सोडतात. पूर्वी या घाटात विजेवर चालणारे एक इंजिन होते, त्याला लोक ‘खेकडा’ म्हणत. 2019 साली मुंबईहून नाशिकमार्गे दिल्लीला जाणारी राजधानी गाडी सुरू झाली. तिला पुढे एक आणि मागे एक इंजिन ठेवण्याची सोय त्याच वर्षी झाली. मग घाटापुरती वेगळी इंजिने जोडण्यात वेळ जाईनासा झाला.

सगळी इंजिने पुढेच का लावत नाहीत? कारण मग सगळा ताण पहिल्या डब्याच्या जोडावर येईल. जोड तुटला तर मागचे डबे घाट उतरू लागतील. मागे इंजिन असले की डब्यांना आधार असतो.

पण खरी शिकण्यासारखी गोष्ट उतारावर आहे. आगगाडीच्या प्रत्येक डब्याला स्वतःचा ब्रेक असतो. गाडी घाट उतरण्याआधी ते ब्रेक तपासतात. एवढे करूनही घाटात मुख्य रुळांपासून फुटून वर चढत जाणारे रूळ घातले आहेत. गाडी हाताबाहेर गेली, तर तिला त्या रुळांवर घेतात. चढावर तिचा वेग मरतो आणि ती थांबते. राहूड घाटात किंवा भावडबारीत आपल्या ट्रॉलीला असे रूळ कोण घालणार? तिथे गिअरच कामाला येतो.

ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. उतारावर चाक इंजिनाला फिरवू पाहते आणि इंजिन चाकाला अडवते. ब्रेक मोकळा राहतो, तापत नाही. सारखा दाबून धरलेला ब्रेक तापतो. तापला की त्याची पकड जाते. पाय दाबलेलाच असतो, पण गाडी थांबत नाही.

गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. जुन्या ट्रॅक्टरचा गिअर चालत्या गाडीत बदलत नाही. उतारावर एकदा तो सुटला की परत बसत नाही. मुलगा म्हणतो, “आबा, उतार आहे, न्यूट्रल करतो. तेवढेच डिझेल वाचेल.” आबांनी त्याला तिथेच अडवावे. क्लच दाबून ठेवणे हेही न्यूट्रलच. इंजिन चाकापासून सुटले की मघाचे सव्वाचार क्विंटल मोकाट सुटतात. वेग दुप्पट झाला, तर थांबायला चौपट अंतर लागते. अशा वेळी वळणावर ट्रॉली ट्रॅक्टरला बाजूला ढकलते. दोन्ही कात्रीसारखी मिटतात आणि चालवणारा मध्ये सापडतो.

ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, डाव्या चाकाचा एक, उजव्या चाकाचा एक. शेतात वळायला ते वेगळे बरे पडतात. रस्त्यावर त्यांची जोडपट्टी लावून दोन्ही एक करावे लागतात. नाही लावली आणि घाईत एकच दाबला गेला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी एका अंगाला फिरतो. मागे 65 क्विंटल असताना असे झाले तर काय होईल, ते सांगायला नको.

माल कसा भरायचा, हे बैलगाडी हाकलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलते. पुढे जास्त भरला तर बैलांच्या मानेवर भार येतो. दोन चाकी ट्रॉलीचे तसेच आहे. मागे भार झाला तर हूक वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि घसरतात. पुढे फार झाला तर ट्रॅक्टरचे तोंड हलके होते. चढावर स्टिअरिंग फिरवले तरी तो वळत नाही. तेव्हा भार थोडासा पुढे, चाकांच्या जरा अलीकडे हवा. तोंड जड करायला बंपरवर माणूस बसवू नये. त्यासाठी लोखंडी वजने मिळतात.

ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडावी. वरच्या दांड्याला साखळी बांधून भार ओढला, तर मागचा ताण ट्रॅक्टरला घोड्यासारखा पुढून उभा करतो आणि चालवणाऱ्याच्या अंगावर उलटवतो. याला क्षणही लागत नाही.

चढावर गाडी थांबवावी लागली, तर आधी ट्रॉलीच्या चाकामागे लाकडी ठोकळा लावावा. तो गाडीतच ठेवावा, अंधारात दगड शोधत बसू नये. ठोकळा लावणारा माणूस बाजूने यावा, ट्रॉलीच्या बरोबर मागे उभा राहू नये. गाडी निघताना ठोकळा काढून गाडीत टाकावा. तो रस्त्यात राहिला तर मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावर आपटतो.

परतीची ट्रॉली रिकामी असते. पट्टी झालेली असते, घराची ओढ असते. रिकामी ट्रॉली खड्ड्यात उड्या मारते. हुकाची पिन नुसती वरून टाकलेली असेल, तर ती अशा वेळी उडून पडते. पिनेच्या खालच्या भोकात क्लिप घालायची असते. ती हरवली असेल, तर बाजारातच नवी घ्यावी.