गगन नव्हे, ङाङाना

रोमन अक्षरांत लिहिलेला सामोआ बेटांवरील एक शब्द मराठी वाचकाच्या दृष्टीस पडला, तर तो निःसंशय ‘गगन’ असा वाचील आणि आकाशाकडे पाहू लागेल. वस्तुतः त्या शब्दाचा अर्थ ‘भाषा’ असा आहे, आणि त्याचा आरंभ ज्या ‘ङ’ने होतो ते अक्षर आपण वर्णमालेत पूर्वजांच्या मानासाठी ठेवून दिलेले असून ‘वाङ्मय’ लिहिताना तेवढे बाहेर काढतो. या ‘ङाङाना सामोआ’चा विषय घेऊन न्यू झीलंडमधील विद्यार्थी शाळेच्या अकराव्या ते तेराव्या वर्षी, म्हणजे सुमारे पंधरा ते अठरा या वयात, राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा देतात.

प्रशांत महासागरातील एका लहानशा देशाची भाषा परक्या मुलखात परीक्षेचा विषय कशी झाली, याचे उत्तर जुन्या दफ्तरात सापडते. १९१४ मध्ये न्यू झीलंडने जर्मनांकडून पश्चिम सामोआ घेतला. १९१८ मध्ये ऑकलंडहून आलेल्या ‘तालुने’ जहाजातून इन्फ्लुएंझा किनाऱ्यावर उतरला आणि अंमलदारांनी जहाज वेळीच अडवून न ठेवल्यामुळे सुमारे पंचमांश प्रजा दगावली. १९६२ च्या १ जानेवारीस देश स्वतंत्र झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यू झीलंडच्या कारखान्यांना मजूर हवे होते, तेव्हा सामोअन कुटुंबे तेथे जाऊन राहिली, आणि २०१८ च्या खानेसुमारीत लाखाच्या वर लोकांनी सामोअन बोलत असल्याचे नोंदविले. इंग्रजी आणि माओरी यांच्यानंतर त्या देशात हिचाच क्रमांक लागतो. शाळांसाठी सरकारी अभ्यासक्रम मात्र १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

या वर्गात येणारा विद्यार्थी बहुधा सामोअन घरातलाच असतो; आजीचे बोलणे त्याला समजते, पण उत्तर तो इंग्रजीत देतो. त्याला भाषा शिकवायची म्हणजे नेमके काय शिकवायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण घरच्या बोलण्यातून त्याच्या कानावर न पडलेला एक मोठा शब्दसंग्रह त्या भाषेत स्वतंत्रपणे नांदत असतो, आणि त्याला ‘मानाची भाषा’ असे रीतसर नाव आहे. ‘ये’ म्हणजे ‘साऊ’. परंतु येणारा कुळाचा थोर प्रमुख असेल तर ‘आफिओ माई’, आणि सभेत कुळाच्या वतीने बोलणारा वक्ता असेल तर ‘मालिउ माई’ म्हणावे लागते. घर म्हणजे ‘फाले’. प्रमुखाचे असेल तर ‘माओता’, वक्त्याचे असेल तर ‘लाओआ’. गंमत अशी, की तोच प्रमुख स्वतःच्या घराविषयी बोलू लागला म्हणजे मानाचा शब्द वापरीत नाही, साधे ‘फाले’च म्हणतो. दुसऱ्याचा वाडा आणि आपली झोपडी ही रीत आपल्याकडील जुन्या पत्रव्यवहारात मुरलेली होती, त्यामुळे मराठी माणसाला हा शिष्टाचार समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. फरक इतकाच, की आपला तो शिरस्ता कागदपत्रांबरोबर मागे पडला आणि त्यांचा अजून चालू आहे.

सर्वनामांच्या बाबतीत तर आपण जवळचे नातलग निघतो. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा जो भेद इंग्रजीला कळत नाही, तो सामोअनमध्ये ‘तातोऊ’ आणि ‘मातोऊ’ असा ठसठशीत आहे. शिवाय दोघांपुरते ‘ताउआ’ आणि ‘माउआ’ निराळे, म्हणजे संस्कृतातून मराठीत येताना आपण जे द्विवचन वाटेत सांडले, ते तेथे शाबूत आहे.

परंतु शिक्षकाची खरी कसोटी उच्चारात लागते. या भाषेला दोन बाणे आहेत. चर्च, शाळा आणि छापील मजकूर यांत ‘त’ आणि ‘न’ स्वच्छ उच्चारतात. घरी, बाजारात, मैदानावर त्याच ‘त’चा ‘क’ होतो आणि ‘न’चा ‘ङ’. मुलगी ती ‘तेइने’, घरात ‘केइङे’. माणूस तो ‘ताङाता’, घरात ‘काङाका’. पहिल्या बाण्याला ‘चांगले बोलणे’ आणि दुसऱ्याला ‘वाईट बोलणे’ असे सरळसरळ म्हणतात, आणि ज्याला ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटल्याबद्दल वर्गात हसू सोसावे लागले आहे, त्याला या नावांतील बोच निराळी सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकात लंडन मिशनरी सोसायटीच्या पाद्र्यांनी भाषा कागदावर उतरविली ती ‘त’कारी, १८५५ मध्ये पूर्ण झालेले बायबलही ‘त’कारी, आणि शाळेने तोच कित्ता गिरविला, हे स्वाभाविकच झाले.

एवढ्यावर हे थांबले असते, तर प्रमाण आणि बोली यांचा परिचित झगडा म्हणून आपण पान उलटले असते. पण हातात उंच दांडा आणि खांद्यावर काथ्याची चवरी घेऊन जो वक्ता कुळाच्या वतीने उभा राहतो, ज्याच्या तोंडी मानाची भाषा तिच्या साऱ्या ऐश्वर्यानिशी नांदते, तो परंपरेने ‘क’कारीच बोलतो! जी रीत ‘वाईट’, तीच सर्वांत भारदस्त भाषणाचीही. म्हणून घरची बोली टाकून शुद्ध हो, असे विद्यार्थ्याला सांगणारा शिक्षक त्याला एका हाताने भाषा देतो आणि दुसऱ्या हाताने वक्त्याच्या पीठापासून दूर लोटतो, असे मला वाटते. कोणता बाणा कोठे शोभतो एवढे शिकविले, तरी वर्षाची फी वसूल झाली म्हणावयास हरकत नाही.

उत्तरपत्रिकेत त्याने ‘त’ लिहावा, हे ठीकच. पुढच्या शनिवारी तो एखाद्या लग्नात चटईवर मांडी घालून बसलेला असेल. आधी पाद्री प्रार्थना म्हणतील ती ‘त’ने, मग काका दांडा टेकून उभे राहतील आणि ‘क’ने बोलू लागतील, आणि या खेपेस आजीकडे वळून अर्थ विचारण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.