मरणाआधीची हाक आणि जगण्याचा प्रश्न

ख्रिस्ती उपदेशकाच्या तोंडी एक हाक वारंवार येते : मरण केव्हा गाठील याचा नेम नाही, म्हणून आजच पश्चात्ताप कर, विश्वास ठेव, तारण मिळव. आपल्यापैकी अनेकांनी ती ऐकली आहे. काहींनी भाबडेपणा म्हणून झटकली, काहींच्या आज्या-पणज्यांनी स्वीकारली. पण तिचा नेमका अर्थ समजून घेण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. टीका करायची तरी आधी समजून घ्यावे लागते.

ख्रिस्ती धर्मात पुनर्जन्म नाही. माणसाला एक जन्म, एक मरण आणि त्यानंतर न्याय, अशी नव्या करारातील इब्री लोकांस पत्राची शिकवण आहे. हाकेतील निकड येथून येते. जेथे चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा आहे, तेथे घाई कशाला? दुसरी गोष्ट अशी की, तारण हे कमाई नसून कृपेचे दान मानले जाते. लूकच्या शुभवर्तमानात येशूशेजारी क्रुसावर टांगलेला एक गुन्हेगार अखेरच्या घटकेला त्याची विनवणी करतो आणि त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळवतो. विधी नाही, दक्षिणा नाही, पूर्वपुण्याई नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही दिवसभर राबलेल्याइतकाच रोज मिळतो.

‘तू अस्पृश्य जन्मलास ते मागल्या जन्मीच्या पापामुळे’ असे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले, त्याला या शिकवणीत काय दिसले असेल? मागला जन्म मुळी नव्हताच! अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगरात काम सुरू केले. पुढे १८७६–७८ च्या दुष्काळाच्या सुमारास त्या भागातील महार-मांगांत धर्मांतरे वाढली. त्यात भाकरी होती, शाळा होती, हे खरेच. पण केवळ भाकरीसाठी त्यांनी धर्म टाकला असे म्हणणे हा त्या पूर्वजांचा अपमान आहे. भुकेल्या माणसालाही बुद्धी असते.

तरीही या हाकेत एक धोका आहे. तारण मरणानंतरचे ठरले, की मरणाआधीचे जगणे होते तसेच ठेवता येते. बाप्तिस्म्याने आधीची सारी पापे धुतली जातात या समजुतीने तो लांबवण्याची चाल एके काळी होती. सम्राट काँस्टंटाइनने आयुष्यभर तलवार चालवली आणि ३३७ साली मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला. व्हर्जिनिया वसाहतीने १६६७ साली कायदाच केला की बाप्तिस्मा घेतल्याने गुलाम गुलामगिरीतून सुटत नाही. आत्मा प्रभूचा, देह मालकाचा! १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलातील निवडक वेचे छापले, तेव्हा मिसरच्या दास्यातून सुटलेल्या लोकांची कथा त्यातून गाळली. गाळणाऱ्यांना तिची ताकद कळली होती.

आपल्याकडे काय झाले? वर एकच स्वर्ग. पण खाली बसायला वेगळी जागा, आणि तामिळनाडूत काही गावी दफनभूमीतही वेगळा भाग. तारण पावलेल्यांची प्रेतेही एकत्र विसावू शकली नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. पाळकाने त्यांना पापी म्हटले, गावाने महार म्हटले, सरकारने दोन्ही मानले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दुखण्याचे निदान केले होते. धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी दाखवले की, ‘तुझी अधोगती तुझ्या पापामुळे’ असे शिकवल्याने, अधोगती घडवणाऱ्या समाजव्यवस्थेविरुद्ध उभे राहण्याची जिद्दच मावळते. मे १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ हा प्रश्न त्यांनी विचारला, तो याच जन्मातील मुक्तीचा.

हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांनाही टाळता आला नाही. अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्यातून जेम्स कोन यांनी १९६९ साली, आणि पेरूच्या गरिबांतून गुस्ताव्हो गुतिएर्रेझ यांनी १९७१ साली मुक्तीचे ईश्वरशास्त्र मांडले. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या बाजूने ईश्वरशास्त्र मांडण्याचा आग्रह धरला. दलित ईश्वरशास्त्राची वाट तेथून रुंदावली. त्यांना आधार त्याच ग्रंथात सापडला. नाझरेथच्या सभास्थानात येशू दरिद्री, बंदिवान आणि दडपलेले यांच्या सुटकेची घोषणा करतो. मत्तयाने रंगवलेल्या शेवटच्या न्यायात विचारणा होते ती भुकेल्याला अन्न दिले की नाही याची.

तेव्हा या हाकेतील निकड आपण फेकून देऊ नये. ‘मरणाआधी’ हा शब्द मोलाचा आहे. प्रश्न एवढाच, की मरणाआधी काय? पाणवठा, जमीन, शाळा, सन्मान यांना त्या तारणात जागा आहे काय? उपदेशक दाराशी आला तर त्याला हे जरूर विचारावे. जन्म एकच असेल, तर तो अपमानात घालवणे कोणालाच परवडणारे नाही.