शहाण्णव तासांचा हिशेब

1993 साली केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण नियमांना सहावी अनुसूची जोडली. सांडपाण्याच्या मानकांच्या त्या लांबलचक तक्त्यात पारा, शिसे, फिनॉल यांच्या मर्यादांसोबत एक वेगळीच अट होती. काहीही न मिसळलेल्या, शंभर टक्के सांडपाण्यात मासे सोडायचे आणि 96 तासांनंतर त्यांतले 90 टक्के जिवंत असले पाहिजेत. बायोअसे चाचणी या नावाने ती पालघर जिल्ह्यातल्या बोईसरच्या कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत ओळखीची आहे. तक्त्यातल्या बाकीच्या ओळी पाण्यात काय आहे ते विचारतात. ही एकच ओळ त्या पाण्यात जीव जगतो का, असे विचारते.

गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाचे उत्तर काढण्याची साधने पार बदलली. आपण मागत असलेले उत्तर मात्र अजून ‘पास’ किंवा ‘नापास’ एवढेच आहे. हा मागोवा त्या दोहोंतल्या अंतराचा आहे.

ग्राफपेपरचे दिवस

तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झाले आणि त्यानंतरच्या दशकात बोईसरच्या पश्चिमेला तारापूर औद्योगिक वसाहत आकाराला आली. रसायने, रंगांची मध्यद्रव्ये, औषधांचा कच्चा माल, कापडावरची प्रक्रिया असे उद्योग तिथे दाटले. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 चे. औद्योगिक सांडपाण्याची तीव्र विषाक्तता माशांवर कशी तपासावी, हे सांगणारे भारतीय मानक आयएस 6582 हे 1971 चे. म्हणजे वसाहत उभी राहत होती तेव्हा तिचे पाणी तपासायची रीत कागदावर तयार होती.

ती रीत साधी आहे. सांडपाणी शंभर टक्के, मग 56, 32, 18, 10 टक्के असे टप्प्याटप्प्याने पातळ करायचे. प्रत्येक टाकीत ठरावीक मासे सोडायचे, बहुधा गप्पी किंवा झेब्रा मासे. एका टाकीत नुसते स्वच्छ पाणी. रोज मेलेले मासे मोजायचे आणि बाहेर काढायचे. चार दिवसांनी हाती पाच-सहा ठिपके येतात: इतक्या तीव्रतेला इतके टक्के मृत्यू.

या ठिपक्यांमधून जाणारी रेषा सरळ नसते, ती आडव्या पसरलेल्या ‘एस’सारखी वळते. सुरुवातीला कोणी मरत नाही, मग थोडी तीव्रता वाढताच मृत्यू भराभर वाढतात आणि शेवटी सगळेच मेल्यावर रेषा पुन्हा सपाट होते. प्रत्येक माशाची सहनशक्ती वेगळी असते, म्हणून हा आकार येतो. इंग्लंडमध्ये ट्रेव्हन यांनी 1927 मध्ये या वक्राचा मधला बिंदू, म्हणजे निम्मे प्राणी मारणारी मात्रा, हे विषाचे माप म्हणून मांडले. कारण मधल्या भागात वक्र सर्वांत खडा असतो आणि तिथले मोजमाप सर्वांत भरवशाचे ठरते. सांडपाण्याच्या बाबतीत त्यालाच एलसी-50 म्हणतात.

वक्राला सरळ करण्याची युक्ती चेस्टर ब्लिस या कीटकशास्त्रज्ञाची. कीटकनाशकांवर काम करताना 1934 मध्ये त्यांनी मृत्यूची टक्केवारी ‘प्रॉबिट’ या एककात बदलली. 50 टक्के म्हणजे प्रॉबिट 5, सुमारे 84 टक्के म्हणजे 6, सुमारे 16 टक्के म्हणजे 4. पाचची भर घातली ती हाताने गणित करणाऱ्याला ऋण संख्यांचा त्रास नको म्हणून. तीव्रतेचा लॉगरिदम आडव्या अक्षावर आणि प्रॉबिट उभ्या अक्षावर घेतला की ठिपके जवळपास सरळ रेषेत येतात. अडचण होती ती शून्य आणि शंभर टक्के मृत्यूंच्या टाक्यांची, कारण त्यांचा प्रॉबिट अनंताला जातो. त्यावर 1935 मध्ये रोनाल्ड फिशर यांनी तोडगा दिला. पुढे 1947 मध्ये डेव्हिड फिनी यांचे ‘प्रॉबिट अ‍ॅनालिसिस’ आले आणि त्यातली कोष्टके जगभरच्या प्रयोगशाळांत टेबलावर आली.

कोष्टके असली तरी पूर्ण गणित कष्टाचे होते. एक रेषा काढायची, तिच्यावरून प्रत्येक ठिपक्याचे वजन ठरवायचे, पुन्हा रेषा काढायची, आकडे स्थिर होईपर्यंत हेच. साध्या प्रयोगशाळेला हे परवडणारे नव्हते. तिथे ग्राफपेपरवर पट्टी ठेवून नजरेने रेषा ओढायची, प्रॉबिट 5 पासून खाली यायचे आणि आकडा वाचायचा, हाच मार्ग होता. अशा आकड्यात किती चूक असू शकते, हे सांगता येत नसे.

आर आणि पुढे

मोठा फरक 2000 च्या दशकात पडला. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेल्या ‘आर’ या मोफत संगणकभाषेची 1.0.0 आवृत्ती 29 फेब्रुवारी 2000 रोजी आली. ख्रिश्चन रिट्झ आणि येन्स स्ट्रायबिग यांनी 2005 मध्ये तिच्यासाठी ‘डीआरसी’ हे मात्रा-प्रतिसाद वक्रांचे पॅकेज जाहीर केले. तण मारणाऱ्या रसायनांच्या अभ्यासातून आलेले हे साधन माशांच्या चाचणीलाही तितकेच लागू पडते.

यात वक्राला सरळ करावे लागत नाही, आहे तसाच बसवता येतो. त्याला चार आकडे पुरतात: खालची पातळी, वरची पातळी, चढ आणि मधला बिंदू. जगणे-मरणे असे उत्तर असले की दोन पातळ्या शून्य आणि शंभरवर बांधता येतात आणि दोनच आकडे काढायचे उरतात. प्रत्येक टाकीत किती मासे होते आणि किती मेले एवढे भरले की एलसी-50 येतो आणि त्यासोबत त्याच्या विश्वासमर्यादाही, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो याचा अंदाज. पूर्वी जे गणित दिवस खायचे ते पालघरच्या महाविद्यालयातला विज्ञानाचा विद्यार्थी आज साध्या लॅपटॉपवर क्षणात करू शकतो, परवान्याचा एक रुपयाही न देता.

दहा मासे काय सांगतात

आता अनुसूचीतल्या अटीकडे या आकडेमोडीच्या नजरेने पाहू. समजा टाकीत दहा मासे आहेत. एक मेला तर 90 टक्के जिवंत, म्हणजे पास. दोन मेले तर नापास. पण एखादे सांडपाणी खरोखर दर पाचांतला एक मासा मारणारे असेल, तर दहा माशांच्या चाचणीत एक किंवा शून्यच मरण्याची शक्यता सुमारे 38 टक्के निघते. म्हणजे स्पष्टपणे नापास व्हायला हवे असे पाणी तीनांत एकाहून अधिक वेळा पास होऊन जाते. उलट, नेमके मर्यादेवर असलेले, दहांतला एक मासा मारणारे पाणी चारांत सुमारे एक वेळा नापास ठरते. मासे वीस केले तर पहिली शक्यता सुमारे 21 टक्क्यांवर येते. कोणी लबाडी केली नाही, मोजणारा प्रामाणिक आहे, तरीही हे होते. एका टाकीच्या उत्तरात इतकीच माहिती मावते.

वक्र याहून पुष्कळ सांगतो. दोन कारखान्यांच्या पाण्याचा एलसी-50 सारखाच, 50 टक्के, धरू. एकाचा चढ 2, दुसऱ्याचा 6. दोन्ही पाणी चौपट पातळ झाले, म्हणजे तीव्रता 25 टक्क्यांवर आली, की दुसऱ्यात शंभरातले एक-दोनच मासे मरतील. पहिल्यात वीस मरतील. आठपट पातळ झाल्यावरही पहिले पाणी शंभरातले सहा मासे मारत राहील. शंभर टक्क्यांच्या टाकीत ही दोन्ही पाणी नापास आणि म्हणून सारखीच. पण पाणी टाकीत राहत नाही. ते सामुदायिक प्रक्रिया केंद्रात शेकडो कारखान्यांच्या पाण्यात मिसळते, तिथून नवापूरच्या किनाऱ्याकडे जाते, भरती-ओहोटीने पातळ होते. किती पातळ झाल्यावर ते निरुपद्रवी होईल, हा दांडी, मुरबे, सातपाटीच्या मच्छीमाराचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एलसी-50 आणि चढ या दोहोंत मिळून दडलेले आहे.

सॉफ्टवेअर मात्र चुकीच्या प्रयोगाला तारत नाही. टाक्यांमधले टप्पे फार मोठे ठेवले आणि एकीत सगळे जिवंत, पुढचीत सगळे मेलेले असे झाले, तर चढ ठरवायला काहीच उरत नाही. संगणक तरीही एक आकडा छापतो, त्याची चूक प्रचंड असते आणि ती न वाचणारा फसतो. पाण्यात सेंद्रिय भार जास्त असेल तर मासे विषाने मेले की प्राणवायू संपल्याने, हे हवा सोडून आणि प्राणवायू मोजूनच कळते. अमोनियाची विषाक्तता पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. आणि गोड्या पाण्यातला मासा खाडीतल्या बोईचे किंवा निवटीचे प्रतिनिधित्व पूर्णपणे करत नाही. या गोष्टी टाक्या मांडणाऱ्याच्या हातात असतात.

निर्देशांकांची वर्षे

ही मोफत साधने हाती आली त्याच काळात बोईसरचे नाव दुसऱ्या आकड्यांनी देशभर गेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा तारापूरला 72.01 गुण मिळाले आणि ते ‘अतिप्रदूषित’ गटात गेले. 2018 च्या मूल्यमापनात 93.69 गुणांसह ते देशात पहिले आले. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभरावर उद्योगांना मोठ्या भरपाईचा आदेश दिला. खाडीतली मासळी कमी होते आहे, हे मच्छीमार प्रयोगशाळेच्या आधीपासून सांगत होते. त्यांच्या सांगण्याला कायद्याच्या दारात पोचायला दशके लागली.

या सगळ्या आकड्यांत विषाक्ततेचा वक्र कुठे आहे? भरपाईच्या केंद्रीय मंडळाच्या सूत्रात पाच घटक आहेत: उद्योगाच्या प्रकाराचा प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा गुणक, उद्योगाचे आकारमान आणि ठिकाण. सोडलेले पाणी किती विषारी होते, हा सहावा घटक नाही. निकासावर बसवलेली ऑनलाइन यंत्रे सामू, सीओडी आणि बीओडी ही सेंद्रिय भाराची मापे, तरंगते घन पदार्थ मोजतात. सीओडी लिटरमागे 250 मिलिग्रॅमच्या मर्यादेत असलेल्या पाण्यातही मासा मरू शकतो, कारण थोड्या मात्रेत घातक असलेले रसायन सीओडीत फारसे उमटत नाही.

म्हणून मला वाटते, आता मागायची गोष्ट मोठी किंवा महागडी नाही. प्रक्रिया केंद्राच्या निकासाच्या पाण्याची चाचणी एका टाकीऐवजी पाच तीव्रतांवर व्हावी. अहवालात ‘पास’ या शब्दाच्या जागी एलसी-50, त्याच्या विश्वासमर्यादा, चढ आणि प्रत्येक टाकीतले मेलेल्या माशांचे कच्चे आकडे असावेत. ते दर महिन्याला जाहीर व्हावेत. कच्चे आकडे खुले असले की वक्र कोणीही पुन्हा काढून पाहू शकतो: मंडळाचा अधिकारी, कारखान्याचा रसायनशास्त्रज्ञ, मच्छीमार संस्थेने नेमलेला विद्यार्थी. तिघांचा आकडा एकच आला तर वाद पाण्याबद्दल होईल, एकमेकांच्या हेतूंबद्दल नाही. सातपाटीच्या ज्या पापलेटला 2023 मध्ये महाराष्ट्राने राज्यमासा म्हणून मान दिला, त्याच्या समुद्राला इतका हिशेब देणे आपले कर्तव्य आहे, आणि तो मांडायला लागणारे प्रत्येक साधन आज हाताशी आहे.