वृत्तपत्रांतील 'सावकार'

'चोर कोण आणि साव कोण' असें बोलण्यांत येतें, तेव्हां 'साव' म्हणजे सचोटीचा माणूस हें सांगावें लागत नाहीं. 'सावकार' हा त्याच कुळांतील शब्द. त्याचें मूळ संस्कृत 'साधु' या शब्दाकडे नेतात. पेशवाईंत सावकार म्हणजे पेढीचा धनी. त्याच्या हुंडीवर दूरच्या शहरीं पैसा मिळे आणि त्याच्याच कर्जावर पहिल्या बाजीरावाच्या मोहिमा चालत. आज मात्र बातमीच्या मथळ्यांत हा शब्द दिसला, कीं पुढें फिर्याद असणार असें वाचक धरून चालतो. हा पालट होण्यास घोडनदी व भीमा यांच्या कांठच्या गांवांत १८७५ सालीं जें घडलें तें पुष्कळ अंशीं कारण आहे.

शिरूर तालुक्यांतील करडे येथें डिसेंबर १८७४ मध्यें एका सावकारानें दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावरून देशमुखाच्या घरावर हात घातला. गांवानें त्याला वाळीत टाकलें. न्हाव्यानें व पाणक्यानें त्याचें काम सोडलें. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत दंगा पेटला. सुपें आज बारामती तालुक्यांत आहे. तेव्हां तें भीमथडींत होतें आणि दौंडचा मुलूखही भीमथडींतच मोडे. लोकांचा रोख जिवावर नव्हता, खतांवर होता. कर्जाचे लेख मुकाट्यानें हवालीं केले, तेथें घरास सहसा धक्का लागला नाहीं. पुणें व नगर या दोन जिल्ह्यांत ९५१ माणसें धरलीं गेलीं व ५०१ जणांस शिक्षा झाल्या.

सरकारी कागदांनीं व इंग्रजी पत्रांनीं 'सावकार' हा शब्द भाषांतर न करतां जसाच्या तसा उचलला. वरवर ही सोय दिसते. परंतु तिच्यामुळें मोठी पेढी चालविणारा आणि मीठ-तेलाच्या दुकानांतून दहा रुपये उसने देणारा गांवचा वाणी, हे दोघे एका नांवाखालीं आले. शिवाय एक मोठा धनको त्या नांवाच्या बाहेरच राहिला : सारा वसूल करणारें सरकार. अमेरिकेंतील यादवी १८६५ सालीं संपली आणि कापसाचा भाव बसला. त्याच सुमारास, १८६७ पासून, इंदापुराकडून नवी व चढी आकारणी सुरू झाली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें खत तीन वर्षांत निकामी होऊं लागलें, म्हणून मुदत संपण्याआधीं व्याज मुदलांत घालून नवें खत लिहून घेण्याची चाल पडली. रयतेच्या रक्षणासाठीं म्हणून केलेला कायदा तिच्याच गळ्याशीं आला! तरीही १८७८ मध्यें पार्लमेंटपुढें गेलेल्या चौकशीच्या अहवालानें रोषाचें कारण सारा नव्हे, सावकार, असेंच ठरविलें. 'सावकारांवरील दंगा' या शब्दांच्या जोडीनें तो निकाल आधींच देऊन ठेवला होता. १८७९ च्या कायद्यानें पुणें, नगर, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांत खतामागें जाऊन कर्जाचा मूळ हिशेब तपासण्याची मुभा न्यायालयांस मिळाली.

मराठी लेखणी मात्र एकमुखी नव्हती. 'दीनबंधु' १८७७ मध्यें निघालें, 'केसरी' १८८१ मध्यें. जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्यें सावकार एकटा येत नाहीं. कुलकर्णी, कारकून व कचेरी त्याच्या जोडीस उभीं असतात. उलट, १८९९ च्या सुमारास कोकणांतील खोतांची बाजू मांडतांना टिळकांनीं सावकाराचाच दाखला दिला : सावकारास लुटून गरिबांस वांटण्याचा अधिकार जसा सरकारास नाहीं, तसाच खोताचें रास्त उत्पन्न बुडविण्याचाही नाहीं, असा त्यांचा आशय होता. एका पक्षाला या शब्दांत पिळवणूक ऐकूं येई, दुसऱ्याला मालमत्तेचा हक्क. शब्द तोच, आणि वाचकही बरेचसे त्याच जिल्ह्यांतले.

१९०४ च्या कायद्यानें सहकारी पतसंस्थांचा मार्ग मोकळा झाला आणि 'पतपेढी' हें नांव रूढ झालें. 'पेढी' ही सावकाराचीच वस्तु. पण ती नव्या घरीं गेली आणि अब्रूनें राहिली. तिचा जुना धनी मात्र २०१४ च्या 'महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमा'च्या नांवांत आढळतो, आणि त्यानंतरच्या बातम्यांत त्याच्या मागें बहुधा 'अवैध' हें विशेषण लागलेलें असतें.