जुन्या कॅम्पर व्हॅनची वार्षिक योग्यता चाचणी आणि गॅरेजची निवड : ब्रिटनमधील व्यवस्थेचे विवेचन

प्रस्तावना

एखादे वाहन रस्त्यावर चालविण्यास योग्य आहे किंवा नाही हे कोणी ठरवावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा व सार्वजनिक व्यवहारनीतीचाही प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये हे काम शासनमान्य खाजगी गॅरेजांकडे सोपविलेले असून त्यांपैकी बहुसंख्य गॅरेजे दुरुस्तीचाही व्यवसाय करतात. अर्थात दोष शोधणारा आणि तो दूर करून मोबदला घेणारा पुष्कळदा एकच असतो. झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या जुन्या कॅम्पर व्हॅनच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कारण अशा वाहनात गंज व झीज खरोखरच असते आणि ती मालकाच्या दृष्टीआड असते. अशा वाहनासाठी गॅरेज कोणत्या निकषांवर निवडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चाचणीचे स्वरूप

१९५६ च्या रस्ते वाहतूक कायद्याने या चाचणीचा पाया घातला आणि १९६० मध्ये, अर्नेस्ट मार्पल्स हे परिवहनमंत्री असताना, ती प्रत्यक्षात आली. 'मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट' या खात्याच्या आद्याक्षरांवरून ती 'एमओटी' या नावाने ओळखली जाते. प्रारंभी ती १० वर्षांहून जुन्या वाहनांपुरती होती. ही मर्यादा १९६१ मध्ये ७ वर्षांवर आणि १९६७ मध्ये ३ वर्षांवर आणण्यात आली. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये चाचणी अधिकृत केंद्रांवर होते. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र ती शासकीय केंद्रांवरच होत असल्याने गॅरेज निवडीचा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

२० मे २०१८ पासून दोषांचे 'धोकादायक', 'गंभीर' व 'किरकोळ' असे वर्गीकरण केले जाते. पहिल्या दोहोंपैकी एकही दोष आढळल्यास वाहन अनुत्तीर्ण ठरते. पुढे त्रासदायक ठरू शकणाऱ्या बाबींची नोंद 'सूचना' म्हणून केली जाते. त्याच तारखेपासून ४० वर्षांहून जुनी आणि गेल्या ३० वर्षांत मूलभूत बदल न झालेली वाहने या सक्तीतून वगळण्यात आली. तथापि वाहन सुस्थितीत ठेवण्याची मालकाची जबाबदारी कायम राहते.

चाचणीच्या मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. ब्रेक, सुकाणू, निलंबन, टायर, दिवे, आसनपट्टे, धूर व सांगाड्यावरील गंज यांची तपासणी होते. इंजिन, क्लच व गिअरबॉक्स यांच्या अंतर्गत स्थितीची होत नाही. स्वयंपाकाच्या गॅसची जोडणीही तीत येत नाही. एमओटी उत्तीर्ण झालेल्या कॅम्पर व्हॅनमधील शेगडी सुरक्षित आहे, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

निवडीचे निकष

१) जागा व साधने : मोटर कॅराव्हॅन, तिचे वजन कितीही असले तरी, सर्वसाधारणपणे मोटारींच्याच, म्हणजे चौथ्या वर्गात मोडते व कमाल शुल्क ५४ पौंड ८५ पेन्स आहे. म्हणून कागदोपत्री कोणतेही मोटार चाचणी केंद्र पात्र ठरते. प्रत्यक्षात उंच छपराचे वाहन दारातून आत जात नाही, किंवा तेथील लिफ्टची क्षमता त्याच्या वजनास अपुरी पडते. त्यामुळे वेळ ठरवितानाच उंची, लांबी व सामानासह वजन कळविणे इष्ट होय. साडेतीन टनांपर्यंतच्या मालवाहू व्हॅनची, म्हणजे सातव्या वर्गाची, चाचणी करणाऱ्या केंद्रांत मोठी लिफ्ट मिळण्याचा संभव अधिक असतो.

२) जुन्या वाहनाचे ज्ञान : निकष वाहनाच्या वयानुसार बदलतात. उदाहरणार्थ, १ ऑगस्ट १९७५ पूर्वी प्रथम वापरात आलेल्या पेट्रोल वाहनाचा धूर केवळ डोळ्यांनी पाहिला जातो. त्यानंतर ३१ जुलै १९८६ पर्यंतच्या वाहनांस कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. ज्या वाहनाची चारही चाके कायमस्वरूपी इंजिनाशी जोडलेली असतात, त्याचे ब्रेक रोलर यंत्रावर तपासणे योग्य नसते. नव्या मोटारींचीच सवय असलेल्या परीक्षकाकडून अशा ठिकाणी चूक होऊ शकते.

गंजाच्या बाबतीत तर अनुभवास पर्याय नाही. ब्रेक, सुकाणू, निलंबन व आसनपट्टे जेथे सांगाड्यास जोडलेले असतात, त्यापासून ३० सेंटिमीटरच्या आतील पत्रा गंजून कमकुवत झाला असल्यास वाहन अनुत्तीर्ण होते. परंतु परीक्षकास भाग सुटे करण्याची मुभा नाही. कपाटे, बिछाना व तळाशी फासलेला डांबरी लेप यांच्याआड दडलेला गंज त्यामुळे नजरेतून सुटू शकतो. जुन्या व्हॅन हाताळणाऱ्या गॅरेजला कुठे ठोकून पाहावे याची जाण असते. हा कठोरपणा मालकाच्या हिताचाच असतो, कारण त्याच वाहनात कुटुंब प्रवास करते व रात्री झोपते.

३) हितसंबंध : जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणावरून माहितीच्या विषमतेचा सिद्धान्त मांडला. मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये दुरुस्तीसारख्या सेवांचे विश्लेषण केले; अशा सेवेची गरज खरोखर होती किंवा कसे, हे ग्राहकास ती घेतल्यानंतरही नीट कळत नाही. एमओटी हे त्याचे बोलके उदाहरण होय. दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजला दोष वाढवून सांगण्याचा मोह होऊ शकतो. नेहमीचे गिऱ्हाईक टिकविण्यासाठी दोषाकडे डोळेझाक करण्याचा मोहही तितकाच संभवतो.

यावर उपाय म्हणून अनेक वाहनमालक स्थानिक नगर परिषदांची केंद्रे निवडतात. ती मुख्यतः परिषदेच्या स्वतःच्या वाहनांसाठी असली, तरी सामान्य नागरिकांसही खुली असतात. आणि ती सहसा बाहेरच्या वाहनांची दुरुस्ती करीत नसल्यामुळे निकालात त्यांचा स्वार्थ नसतो. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. अनुत्तीर्ण वाहन दुरुस्तीसाठी चाचणीच्याच गॅरेजमध्ये ठेवल्यास १० कामकाजाच्या दिवसांत अंशतः फेरचाचणी विनाशुल्क होते. वाहन अन्यत्र नेल्यास ही सवलत सरसकट मिळत नाही व फेऱ्या वाढतात.

४) पूर्वनोंदी व दाद : २००५ पासूनच्या चाचण्यांचे निकाल शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. वर्षानुवर्षे एकही सूचना नसलेल्या जुन्या व्हॅनच्या नोंदी समाधानापेक्षा शंकेला जागा देतात. निकाल अमान्य असल्यास १४ कामकाजाच्या दिवसांत दाद मागता येते. मात्र त्यापूर्वी संबंधित दुरुस्ती करून घेऊ नये, अन्यथा पुरावाच नष्ट होतो.

भारतीय संदर्भ

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार परिवहन वाहनांस योग्यता प्रमाणपत्र आवश्यक आहे. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन गटात येते. अशा वाहनाची तपासणी १५ वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी होते. स्वयंचलित चाचणी केंद्रांसाठी २०२१ मध्ये केलेल्या नियमांत, केंद्रचालकास वाहनदुरुस्तीची अथवा विक्रीची सेवा देता येणार नाही, अशी तरतूद आहे. जो प्रश्न ब्रिटनने ग्राहकाच्या विवेकावर व शासकीय देखरेखीवर सोडला, तो येथे नियमानेच सोडविण्याचा प्रयत्न झालेला दिसतो.

निष्कर्ष

'जेथे वाहन हमखास उत्तीर्ण होते' ते गॅरेज उत्तम, ही समजूत घातक आहे. उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र हे चाचणीच्या दिवसापुरते मत असते. ती वर्षभराची हमी नव्हे. वाहन सामावून घेण्याची सोय, जुन्या रचनेची जाण आणि निकालापासून अलिप्त हितसंबंध हे तीन निकष त्यादृष्टीने महत्त्वाचे ठरतात. ते एकत्र न मिळाल्यास चाचणी त्रयस्थ केंद्रात व दुरुस्ती जाणकार गॅरेजात, अशी विभागणी करणे श्रेयस्कर. तीत काही श्रम व खर्च अधिक होतो. परंतु दोष खरा आहे किंवा नाही याविषयीचे निःपक्ष मत मालकास मिळते, आणि योग्यता चाचणीचा मूळ हेतूही तोच आहे.