मूत्रपिंडाचे मौन

हिंदी-उर्दूत धैर्यवान माणसास ‘दिल-गुर्देवाला’ म्हणतात. मराठीत धैर्य काळजाच्या वाट्यास आले आणि मूत्रपिंड शरीरशास्त्राच्या पुस्तकातच राहिले. हिंदी वाक्प्रचार एका अर्थी यथार्थ होय, कारण कार्यशक्तीचा मोठा अंश गमावेपर्यंत हे इंद्रिय सहसा तक्रार करीत नाही. दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात वेदना बहुधा नसते. जी चिन्हे उमटतात, त्यांना घरगुती भाषेने आधीच निरुपद्रवी नावे देऊन ठेवलेली असतात. रोग उशिरा ओळखला जाण्याचे एक कारण या नावांत आहे.

थकवा व धाप यांस ‘वय झाले’ म्हटले जाते. वस्तुतः त्यामागे रक्तक्षय असू शकतो, कारण तांबड्या पेशींच्या निर्मितीस चालना देणारे संप्रेरक मुख्यत्वे मूत्रपिंडात तयार होते. मंदावलेली भूक व मळमळ ‘पित्ता’च्या खाती जमा होतात. अंगाची खाज दिल्लीच्या हिवाळ्यात कोरड्या हवेवर ढकलणे सोपे असते. डोळ्यांभोवती व घोट्यांवर येणारी सूज, लघवीस टिकून राहणारा फेस, रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागणे, ही चिन्हेही अशीच दुर्लक्षिली जातात. यांपैकी एकही स्वतंत्रपणे निर्णायक नव्हे. तथापि मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा कुटुंबात हा विकार असता त्यांचा अर्थ पालटतो.

26 जून 1975 रोजी पहाटे जयप्रकाश नारायण यांना दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठानात अटक झाली. ते 72 वर्षांचे व मधुमेही होते. स्थानबद्धतेत त्यांनी दैनंदिनी लिहिली. नोव्हेंबरात सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे स्पष्ट झाले. कारणांविषयी पुढे वाद झाला. 8 ऑक्टोबर 1979 रोजी निधन होईपर्यंत त्यांचे जीवन मात्र डायलिसिसवर अवलंबून राहिले. स्वतःच्या अनुभवास शब्द देणाऱ्या माणसासही हा विकार आधी उमगतोच असे नाही.

यास्तव चिन्हांची वाट न पाहता तपासणी करणे इष्ट. रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन व रक्तदाब, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. गाळणाचा वेग मिनिटास 60 मिलिलिटरांखाली 3 महिन्यांहून अधिक काळ राहिल्यास विकार दीर्घकालीन मानतात. मधुमेही व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी ही तपासणी दरवर्षी करावी. वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून दीर्घकाळ घेऊ नयेत. झालेली हानी सहसा भरून येत नाही. परंतु वेळीच कळल्यास तिची गती पुष्कळदा मंद करता येते.